शी गोळा करायची नोकरी

मोठ्या मुलीच्या सोयरिकीची बैठक आमच्या धारूरच्या घरी बसली होती. पोहे झाले, चहा आला. मुलाच्या वडलांनी सहज विचारलं, "वहिनी नोकरी करतात म्हणे?" आमचे हे प्राथमिक शाळेतले गुरुजी. ते घाईघाईनं म्हणाले, "हो, प्रयोगशाळेत आहे."

"म्हणजे काम काय असतं?"

गुरुजी पंख्याकडं बघायला लागले. मग मीच सांगितलं, "लहान बाळांची शी गोळा करते."

मुलाच्या काकांना चहाचा ठसका लागला. सोयरीक जुळली ती जुळलीच, पण निघताना विहीणबाईंनी मला चुलीपाशी गाठून हळूच विचारलं, "खरंच का हो? आणि करता काय तिचं?"

हा प्रश्न मला एसटीच्या कंडक्टरनं विचारला, सरपंचानं विचारला, माझ्या सख्ख्या बहिणीनं विचारला. आता निवृत्त झालेय, सवडही आहे, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

आधी मी केजच्या एका खासगी लॅबमध्ये मदतनीस होते. रक्त, लघवी, थुंकी यांची किळस तिथंच मेली. पुढं पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या मॅडम आमच्या भागात माणसं शोधत आल्या. त्यांना अशी बाई हवी होती, जी गावोगाव जाईल, गरोदर बायांशी बोलेल, बाळंतपणापर्यंत त्यांच्या मागं राहील आणि बाळ झालं की त्याची शी आणेल. पहिल्या दिवसाची, महिन्याची, सहा महिन्यांची, वर्षाची. हे काम घ्यायला दुसरं कुणी पुढं आलं नाही, म्हणून ते मला मिळालं.

मॅडमनी मला समजावलं ते असं. बाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्या आतड्यात जंतू जवळजवळ नसतातच. मग आईकडून, दुधातून, अंगाखांद्यावरून, घरातल्या मातीतून ते येतात आणि तिथं घर करतात. हे जंतू रोगाचे नव्हेत, कामाचे. काही दूध पचवायला मदत करतात, काही शरीराला आपलं कोण आणि परकं कोण ते शिकवतात. मॅडमना शोधायचं होतं ते एवढंच, की आई गरोदर असताना तिच्या अंगात शेतातलं विषारी औषध, चुलीचा धूर, पाण्यातलं काहीबाही गेलं, तर पुढं बाळाच्या पोटात कोणते जंतू वस्तीला येतात यात काही फरक पडतो का.

"पडतो का?" मी लगेच विचारलं.

"तेच तर माहीत नाही. माहीत असतं तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता?"

मला ते उत्तर आवडलं. माहीत नाही असं म्हणणारं शिकलेलं माणूस मी फार पाहिलं नव्हतं.

काम दिसायला सोपं होतं. बोटाएवढी प्लास्टिकची डबी, तिच्या झाकणालाच आतून चिकटवलेला चमचा. रबरी हातमोजे घालायचे, शेंगदाण्याएवढी शी घ्यायची, झाकण लावायचं, डबीवर नंबराची चिठ्ठी, आणि डबी बर्फाच्या पेटीत. पेटी चोवीस तासांच्या आत केजच्या फ्रीझरला पोचली पाहिजे. अडचण एकच, बाळाला काही वेळापत्रक नसतं. अंगावर पिणारं बाळ दिवसाला आठ वेळा करतं, नाहीतर चार दिवस करतच नाही. आमच्याकडं बाया बाळाला पाय लांब करून पायांवर बसवतात आणि शू-शू करतात. तशा किती आयांसमोर मी डबी धरून बसले असेन! किती बाळांनी माझ्याकडं बघून हसून दाखवलं आणि मी उठून बस धरायला गेले की मग कार्यभाग उरकला!

धारूरच्या घाटाखाली एक गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तसा शब्द दिलाय. तिथं अयोध्या नावाची मुलगी होती. वय विशीचं, पहिलटकरीण. नवरा भागवत. घरची थोडी कोरडवाहू जमीन, तीत कापूस. दिवाळी झाली की दोघं ऊसतोडीला जायची. घरात सासू, गयाबाई. म्हातारी काटक, आणि बोलणं विळ्यासारखं.

अयोध्याला सातवा महिना होता तेव्हा मी तिचा फॉर्म भरला. लांबलचक फॉर्म. चूल कुठली, पाणी कुठलं, खाता काय. त्यात एक प्रश्न होता, 'गरोदरपणात आपण शेतात कीटकनाशकाची फवारणी केली का?' अयोध्या म्हणाली, "न्हाई." मी 'नाही'वर खूण केली. पुढच्या बाईनंही नाही म्हटलं, तिच्या पुढचीनंही. माझं काम भराभर झालं म्हणून मी खूश होते.

गौरी-गणपतीच्या दिवसांत अयोध्या बाळंत झाली. सकाळीच निरोप आला, तशी मी पेटी घेऊन दवाखान्यात पोचले. मुलगी झाली होती. पहिल्या दिवसाची शी काळी असते, डांबरासारखी चिकट. ती पोटात असतानाच साठलेली असते, म्हणून आमच्या कामात तिला सोन्याचा भाव. ती पहिले एकदोन दिवसच होते, गेली की गेली. मी गेले तेव्हा नुकतीच झाली होती आणि लंगोट गुंडाळून गयाबाईच्या काखेत होता.

"आजी, लंगोट द्या जरा."

"कावून?"

मी सगळं समजावलं. जंतू हा शब्द ऐकला आणि म्हातारी ताडकन उभी राहिली. "मह्या नातीच्या पोटात जंतू? अजून तिनं डोळे उघडले न्हाईत, आन् तू जंतू काढायलीस?"

मग खरी भीती बाहेर आली. लेकराची शी परक्याच्या हातात द्यायची नसते, तिच्यावर करणी करतात. कुणी कुठं नेऊन पुरली तर लेकरू सुकत जातं. त्यांच्या भावकीत असं एक लेकरू गेलं होतं म्हणे. अयोध्या खाटेवरून म्हणाली, "आत्याबाई, म्या आधीच हो म्हनलेय." म्हातारी तिच्याकडं बघेना.

मला राग आला नाही. नातीसाठी असं कोण भांडतं? मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसलेल्या आज्या मी त्याच दवाखान्यात पाहिल्या होत्या. मी म्हटलं, "आजी, तुमच्या डोळ्यांदेखत घेते. आणि कुठं नेते तेही दाखवते. चला माझ्याबरोबर."

ती खरंच निघाली. डबी पेटीत गेली, एसटीत पेटी म्हातारीनं मांडीवर घेतली ती केजपर्यंत सोडली नाही. खिडकीपाशी बसलेल्या माणसानं विचारलं, "आज्जे, खवा हाय का पेटीत?"

"मही नात हाय," म्हातारी म्हणाली. तो माणूस उठून मागच्या बाकावर गेला.

केजला एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत आमचा फ्रीझर होता. मी दार उघडून दाखवलं. आत सगळ्या डब्या ओळीनं उभ्या. गयाबाईनं वाकून पाहिलं, मग विचारलं, "ह्याच्यावर नाव कुठं हाय?"

"नाव लिहीत नाही आजी. नुसता नंबर."

"आन् नाव कोनाकडं हाय?"

"वेगळ्या वहीत. कुलपात. इथं काम करणाऱ्यालासुद्धा कळत नाही कुणाची कुठली."

म्हातारीनं डब्यांवरचे नंबर पुन्हा एकदा निरखले. मग तिचा चेहरा खुलला. "मग करनी कशी लागंल? करनीला नाव लागतंय."

नाव लिहायचं नाही हा मॅडमचा नियम होता. त्यांनी तो कशासाठी केला होता आणि उपयोगी पडला कशासाठी! त्या दिवसापासून गावात मला कुणाला समजवावं लागलं नाही. गयाबाईच दारोदार सांगायची, "म्या बगून आलेय. नाव न्हाई, नंबर हाय. द्या बिनघोर." बाळाचं नाव श्रेया ठेवलं.

दिवाळीनंतर अयोध्या आणि भागवत बाळाला घेऊन टोळीबरोबर कारखान्याकडं गेले. गयाबाई शेरडांपाशी राहिली. शिमग्याच्या सुमाराला श्रेयाला सहा महिने भरत होते. डबी घ्यायची होती, आणि टोळी परत यायला अवकाश होता. मॅडम म्हणाल्या, "इतक्या लांब जाऊ नका, एक नमुना सोडून देऊ." पण काळ्या शीसाठी एवढं रामायण झालेलं, मला सोडवेना. पहाटेच्या एसटीनं निघाले, दोन गाड्या बदलल्या, आणि दुपार कलताना उसाच्या फडाशेजारच्या त्यांच्या तळावर पोचले. कोप्यांची ओळ, म्हणजे उसाच्या पाचटाच्या त्रिकोणी झोपड्या. मला बघून अयोध्या पळत आली. माहेरचं माणूस आल्यासारखं तिनं मला बसवलं. श्रेया गुटगुटीत झाली होती.

दुसऱ्या दिवशी टोळी फडात गेली, आणि अयोध्या माझ्यासाठी अर्धा दिवस कोपीवर थांबली. श्रेयाला पायांवर बसवलं. नुसती खेळत होती. आम्ही वाट बघत बोलत बसलो. बोलता बोलता अयोध्या आपले तळवे बघत म्हणाली, "कोयत्यानं हात फुटलेत, पर हे परवडलं. औषिध कालवायचे तवा लई आग व्हायची हाताची. ही पोटात होती."

मी दचकले. "कसलं औषध?"

"कापसावरलं."

"अगं, तू तर फवारणी केली नाही म्हणालीस!"

"न्हाईच केली. फवारनी हे करायचे." हे म्हणजे भागवत. "म्या फकस्त हिरीवरून पानी आनायचे, टिपाडात औषिध कालवायचे, आन् यांचा पंप भरून द्यायचे. सांच्याला कापडं धुवायचे."

"कालवायचीस कशानं?"

"हातानं. काडी कुठं हुडकायची?"

फॉर्मवरची माझी खूण डोळ्यांपुढं आली. तिच्यासारख्या सगळ्या जणींच्या खुणा आल्या. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. फवारणी म्हणजे पाठीवर पंप घेऊन चालणं, आणि ते काम गड्यांचं. बाया फक्त 'पाणी टाकतात'. मी याच भागातली, शेतकऱ्याची लेक. माझी आईही पाणी टाकायची. मी स्वतः कितीदा त्या गावात जाताना गरोदर बाया घागरी घेऊन टिपाडाकडं, म्हणजे औषधाच्या पिंपाकडं, जाताना पाहिल्या होत्या. पुण्याच्या माणसांना कळलं नाही हे समजू शकतं. मला कसं कळलं नाही?

आणखी एक गोष्ट मनाला लागली. आम्हाला सांगितलेलं होतं, आपण फक्त विचारायचं, सल्ला द्यायचा नाही, नाहीतर उत्तरं बदलतात. तो नियम मी तोंड शिवल्यासारखा पाळला. हातानं औषध कालवू नये हे सांगायला कुठली तपासणी लागत होती? औषधाच्या डब्यांवर ते छापलेलंच असतं.

अयोध्यानं माझा चेहरा पाहिला असावा. तिनं सरळ विचारलं, "बाई, तुमी डब्या नेता. तिच्या पोटात कायी वाकडं निघालं का? तुमी सांगत तर कायीच न्हाई. आमाला कवा सांगनार?"

तेवढ्यात श्रेयानं आपलं काम केलं. आम्ही दोघी हसलो, मी डबी भरली. पण परतीच्या सबंध वाटेत पेटी मांडीवर जड लागत होती.

आल्या आल्या मॅडमना फोन केला. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "फॉर्म मंजूर झालेला आहे. मधेच प्रश्न बदलता येत नाही."

त्यांच्याशी मी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "मॅडम, ज्यांचे हात औषधात बुडालेत त्यांना आपण औषध न लागलेल्यांत धरलंय. पुढं त्या शीतून तुम्हाला काय दिसणार?"

मॅडमनी फोन ठेवून दिला. मला वाटलं, नोकरी गेली. चौथ्या दिवशी मॅडम स्वतः धारूरला उतरल्या. मी त्यांना गयाबाईकडं नेलं. मॅडमनी अंगणात बादली मागितली आणि म्हणाल्या, "आजी, फवारणीच्या दिवशी सून काय काय करते, करून दाखवा."

गयाबाईनं पदर खोचला. पाणी ओतलं, झाकणानं माप घेतल्यासारखं केलं, आणि दंडापर्यंत हात घालून बादली ढवळली. मग हात झटकला, पदराला पुसला, आणि त्याच हातानं तोंडावरचा घाम निपटला. मॅडम वही काढून अंगणातच लिहायला बसल्या. एका प्रश्नाचे सात प्रश्न झाले. पाणी कोण आणतं, कालवतं कोण, कशानं, कपडे कोण धुतं, रिकाम्या डब्याचं पुढं काय करता. मंजुरीसाठी त्यांना वरच्यांपुढं किती खेपा घालाव्या लागल्या ते त्यांनाच माहीत. मला एवढंच माहीत की पुढचे दोन महिने मी सगळ्या गावांतल्या सगळ्या बायांना पुन्हा भेटले आणि पुन्हा विचारलं. वडवणीकडच्या एका वस्तीवर रिकाम्या औषधाच्या डब्यात मीठ निघालं. ते मात्र मी फॉर्म बाजूला ठेवून तिथंच फेकायला लावलं. नियम मोडला. मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "बरं केलंत."

मग मी दुसरी गोष्ट काढली. "बाया विचारतात, आम्हाला कधी सांगणार?"

"सांगण्यासारखं अजून काही हातात नाही."

"मग तेच येऊन सांगा."

पेरणीच्या आधी, मे महिन्यात, गावातल्या शाळेच्या ओसरीवर बैठक ठरली. टोळ्या परत आल्या होत्या. बाया लेकरं घेऊन आल्या. गडी लिंबाच्या सावलीत लांब बसले. गावचे मोठे बागायतदार, सगळे त्यांना तात्या म्हणत, खुर्ची टाकून पुढं बसले. त्यांच्या शब्दाशिवाय गावात पान हलत नसे.

मॅडमनी साध्या भाषेत सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "एकेका बाळाच्या शीवरून त्याचं पुढं काय होईल ते मला सांगता येत नाही. औषधानं पोटातले जंतू बदलतात का, बदलले तर त्यानं बाळाचं बिघडतं का, हे आम्ही अजून शोधतोय. पक्कं ठाऊक नाही."

ओसरीवर कुजबुज झाली. बायांचे चेहरे उतरले. वर्षभर डब्या दिल्या, त्या यासाठी? तात्या खाकरले. "हे बगा मॅडम, तुमालाच ठाव न्हाई म्हंता, मग बायांना कावून भ्या दाखवता? औषिध न्हाई मारलं तर कापूस कसा यायचा?"

मॅडम काही बोलणार, तेवढ्यात मागून गयाबाई उठली. श्रेया तिच्या कडेवर होती.

"तात्या, थांबा. मॅडम, म्हंजे तुमाला बी ठाव न्हाई?"

"नाही आजी."

"औषिध चांगलं हाय, कायी करत न्हाई, असं बी ठाव न्हाई?"

"तसं तर नाहीच. हाताला, डोळ्याला, श्वासाला ते वाईटच. ते पक्कं आहे."

"मग ठाव होईपत्तुर पोटुशी बाईनं त्याच्यात हात कावून घालायचा? तात्या, कापूस येऊ द्या की. औषिध मारा. पर कालवा तुमी गड्यांनी. काडीनं."

मग बायांच्या बाजूनं कुणीतरी हसलं, आणि बघता बघता सगळी ओसरी हसायला लागली. लिंबाखालून भागवत ओरडला, "म्या कालवीन, पर पानी बी मीच आनू का?"

"आन की," अयोध्या म्हणाली. चारचौघांत नवऱ्याला उलट बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. "तुजं लेकरू न्हाई का ते?" तिनं अरेतुरे केलं हे तिच्या ध्यानातच आलं नाही, आणि भागवतच्याही.

तात्या हसले नाहीत. उठून गेले. मला वाटलं, गेली आपली मेहनत. पण चार दिवसांनी त्यांच्या घरातून मला बोलावणं आलं. थोरल्या सुनेला तिसरा महिना लागला होता. तात्या ओट्यावर वर्तमानपत्र तोंडापुढं धरून बसले होते. वर्तमानपत्राआडूनच म्हणाले, "हिचं बी नाव घाला तुमच्यात. आन् बाई, ते हातमोजे कुठं मिळत्यात?"

त्या पावसाळ्यात मी त्या गावात मुद्दाम फवारणीच्या दिवसांत गेले. सगळं बदललं होतं असं नाही. दोन शेतांत बायाच घागरी वाहत होत्या, आणि तोंडाला फडकं कुणीच बांधलं नव्हतं. पण कुठलीही पोटुशी बाई टिपाडापाशी नव्हती, आणि भागवतच्या हातात बाभळीचं लांब दांडकं होतं. मला बघून तो म्हणाला, "बगा बाई, तुमच्यामुळं लई काम वाढलं." तक्रार होती, पण दांडकं त्यानं नीट सोलून गुळगुळीत केलं होतं.

मॅडमचं काम अजून चालू आहे. डब्यांतून काय निघालं ते त्या त्यांच्या वेळेनं सांगतील, आणि आधी बायांना सांगतील असा शब्द त्यांनी मला दिलाय. श्रेया अंगणवाडीत जाते. तिच्या पोटातल्या वस्तीत कोण कोण राहतं ते मला माहीत नाही. ती भाकरी मागून खाते, एवढं माहीत आहे.

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात मी युसूफ वडगावच्या बाजूला गेले होते. तिकडं आमचं काम कधीच नव्हतं, एका नात्यातल्या माणसाला बघायला चालले होते. शेताच्या बांधावरून जवळची वाट होती. पुढं टिपाड दिसलं आणि एक अनोळखी बाई कापसातून हात वर करून ओरडली, "ओ मावशी, तिकडून जाऊ नका! औषिध कालवायलेत."

मी थांबले. ती जवळ आली. सहावा-सातवा महिना असावा. म्हणाली, "आमी पोटुश्या बाया तर जातच न्हाई तिकडं. पोटातल्या लेकराला लागतंय म्हंत्यात. अजून पक्कं न्हाई, पर ठाव होईपत्तुर कावून जायचं? तुमाला कोनी सांगितलं न्हाई का?"

"नाही," मी म्हटलं. "काय गं ते? सांग बरं."

ती बांधावर टेकली, मलाही बसवलं, आणि पहिल्यापासून सगळं समजावून सांगायला लागली.